वेंडल हार्करला मिळालेलं काम

टूनगॅबीतल्या त्या गल्लीत वेंडल हार्करचा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा होता, पण का ओळखीचा ते कुणालाच सांगता यायचं नाही. केमिस्टकडच्या बाईला वाटायचं, हा माणूस पूर्वी तिच्या बँकेत होता. कोपऱ्यावरच्या पंजाबी गृहस्थांची तर खात्रीच होती, की ह्यानेच आपल्याला फ्रिज विकला. वेंडल कुणालाच खोटं पाडत नसे. "असेल, असेल. चालतोय ना अजून?" असं विचारून पुढे जायचा.

खरं कारण शेजारच्या व्हेरोनिकाला ठाऊक होतं. वेंडल नट होता. नेब्रास्कातल्या एका लहानशा गावातून तेविसाव्या वर्षी लॉस एंजेलिसला आला आणि पुढची चाळीस वर्षं अमेरिकन सिनेमात आणि टीव्हीवर छोटी छोटी कामं करत राहिला. अकरा वेळा शेरीफ, सात वेळा न्यायाधीश, चार वेळा पाद्री. दारूच्या गुत्त्यावरचा माणूस किती वेळा झाला याची तर गणतीच नाही. एकदा एका मालिकेच्या अख्ख्या भागात तो प्रेत होता. "सगळ्यात अवघड काम तेच," तो सांगायचा. "दिग्दर्शक सारखा ओरडायचा, वेंडल, तुझं पोट हलतंय!"

मोठं काम त्याच्या वाट्याला एकदाच आलं होतं, १९७९ साली. युद्धात हरवलेल्या सैनिकाचा बाप. अकरा मिनिटांचं काम. त्याने गावी आईला कळवलं, आई चर्चमधल्या आठ बायकांना घेऊन थिएटरात गेली. पण मधल्या काळात सिनेमा लांबला म्हणून ती अकरा मिनिटं कापली गेली होती. उरलं ते एवढंच: एक माणूस पाठमोरा फाटकातून बाहेर जातो. आईने फोनवर सांगितलं, "पाठीवरून ओळखलं मी तुला. बाकीच्या बायकांनाही दाखवलं." हे सांगताना वेंडल हसायचा, पण ते हसू फार वेळ टिकायचं नाही.

ऑस्ट्रेलियात तो शूटिंगसाठीच आला, अठ्ठ्याऐंशी साली. तिथे मॉरीन भेटली. कुठल्या शॉटला कुणाच्या कुठल्या हातात काय होतं ते लिहून ठेवणं हे तिचं काम. त्याच्याशी ती बोललेलं पहिलं वाक्य होतं, "कप डाव्या हातात होता." लग्नानंतर काही वर्षं दोघं इकडून तिकडे करत राहिले, मग मॉरीनच्या आईचं टूनगॅबीतलं घर मिळालं तसे इथेच स्थिरावले. मूलबाळ झालं नाही. २०१६मध्ये मॉरीन गेली आणि वेंडल त्या फायब्रोच्या, म्हणजे सिमेंटच्या पत्र्यांच्या भिंतींच्या, घरात एकटा राहिला.

व्हेरोनिका वसईजवळच्या भुईगावची. नवरा रॉयस्टन रेल्वेच्या सिग्नलिंगमध्ये इंजिनीयर, मुलगी ॲशली अकरावीत. व्हेरोनिका स्वतः वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये सायंटिस्ट होती. कुंपणावरून वेंडलची लिंबं इकडे यायची आणि नाताळात हिचे फुगे तिकडे जायचे. ते गरम तळलेले गोळे तो जॅम लावून खायचा, आणि ते बघून रॉयस्टनचा जीव कासावीस व्हायचा. व्हेरोनिका त्याला नावानेच हाक मारायची, इथे पद्धतच तशी. पण बोलणं इंग्रजीत चाललं असलं तरी तिच्या मनातल्या मराठीत तो कायम "तुम्ही"च होता.

२०१८मध्ये तिचे पप्पा आणि ममा तीन महिने राहायला आले होते. पप्पा म्हणजे रुडॉल्फ सर, मराठी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. चर्चच्या सणाला गावात नाटक बसायचं, त्यात तीस वर्षं पप्पा एक तर हवालदार नाही तर सरपंच. शेजारी खरा नट राहतो हे कळल्यावर त्यांना कुठला धीर? दोघं लिंबाच्या झाडाखाली खुर्च्या टाकून बसले आणि पप्पांनी हवालदाराचं भाषण मराठीतून पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवलं. वेंडलला एक शब्द कळला नाही. पण संपल्यावर त्याने विचारलं, "हा माणूस लाच खातो, बरोबर?" त्या दिवशी पप्पा रात्रीच्या जेवणापर्यंत हेच सांगत होते.

२०२१च्या एप्रिलमध्ये पप्पांना कोविड झाला. हॉस्पिटलात खाट मिळाली, पण आत कुणालाच सोडत नव्हते. व्हेरोनिकाने देशाबाहेर जायच्या परवानगीचा अर्ज केला. उत्तर यायच्या आत, पाचव्या दिवशी, पप्पा गेले. दफनाला घरातली चार माणसं. चुलतभावाने तिच्यासाठी व्हिडिओ कॉल लावला, पण कबरस्तानात नेटवर्क गेलं आणि पडद्यावर चुलतभावाचा अंगठा तेवढा थिजून राहिला. व्हेरोनिका त्या अंगठ्याकडे वीस मिनिटं बघत बसली होती. कॉल बंद करायचा तिला धीर होईना.

त्यानंतर ती ममाला रोज फोन करायची. बीपी किती, गोळी घेतली का, जेवलीस का. त्या दिवसाबद्दल तिने विचारलं नाही आणि ममानेही सांगितलं नाही.

बातमी कळल्यावर वेंडल कुंपणापाशी आला होता. डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. मग म्हणाला, "तो हवालदार फार उत्तम होता." बाकी कुणीकुणी किती काय काय बोललं, मेसेज पाठवले. व्हेरोनिकाच्या लक्षात राहिलं ते एवढंच.

जूनच्या शेवटी सिडनीत लॉकडाऊन लागला आणि त्याच आठवड्यात वेंडलला फोन आला. अमेरिकेत साथ भडकलेली म्हणून तिथल्या एका कंपनीने आपल्या मालिकेचं शूटिंग सिडनीत आणलं होतं. त्यात एक म्हातारा अमेरिकन हवा होता. अमेरिकेतून माणूस आणायचा तर सीमा बंद, वर क्वारंटाईन. कास्टिंग करणाऱ्या फियोना नावाच्या बाईंना कुणीतरी सांगितलं, अहो, एक आहे इथेच, टूनगॅबीत. अजून जिवंत असेल तर.

"अजून जिवंत असेन तर!" वेंडल कुंपणावरून सांगत होता. त्याचे मोठाले कान लाल झाले होते. "नऊ वर्षांनी फोन आलाय, व्हेरोनिका. ऑडिशन घरूनच रेकॉर्ड करून पाठवायची. समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला कुणीतरी लागेल. तू वाचशील?"

"मी? वेंडल, मला कुठे येतं त्यातलं काही!"

"यायला नकोच. तू कॅमेऱ्यात दिसणार नाहीस. नुसतं वाचायचं."

एकमेकांच्या घरी जायला बंदी होती, म्हणून कुंपणच मधे ठेवायचं ठरलं. वेंडल त्याच्या बाजूला भिंतीशी खुर्ची टाकून बसणार, व्हेरोनिका तिच्या बाजूने, मास्क लावून, कागद हातात घेऊन वाचणार. ॲशलीने आपला फोन आणि स्टँड कुंपणावरून त्याच्याकडे दिला आणि फोन कुठे, किती उंच लावायचा ते इकडूनच सांगत राहिली. "लिटल बिट लेफ्ट, वेंडल. नो, युअर अदर लेफ्ट."

व्हेरोनिकाने कागद आधी वाचलेच नव्हते. लॅबमध्ये त्या दिवसांत बारा-बारा तास जायचे, त्यातून वेळ कुठला? कुंपणापाशी उभी राहिल्यावर तिने पहिल्यांदा वाचलं. एर्ल नावाचा म्हातारा, मोंटानातल्या रेल्वेत जन्म घालवलेला. हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजतोय. अकरा वर्षांनी त्याची मुलगी भेटायला येते. तो तिला नर्स समजतो, खिडकी उघडायला सांगतो, आपल्या मुलीबद्दल बोलत बसतो. मग मुलीचं वाक्य: डॅड, मी आहे. मी आलेय. आणि एर्ल म्हणतो: उशीर केलास.

"तयार?" वेंडलने विचारलं.

ती वाचायला लागली. दोन वाक्यं ठीक गेली. मग ते वाक्य आलं. "डॅड," ती म्हणाली आणि तिथेच अडली. कागदावरची अक्षरं दिसेनात.

वेंडल थांबला. तिला वाटलं, आता तो म्हणेल, जाऊ दे, आपण दुसऱ्या कुणाला तरी विचारू. पण तो म्हणाला, "पुन्हा घेऊ. पहिल्यापासून."

दुसऱ्यांदा ती रडली. तिसऱ्यांदा झाडावर पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा येऊन बसला आणि त्यांनी एवढा कलकलाट केला की काही ऐकूच येईना. चौथ्यांदा तिने ते वाक्य एका श्वासात उरकून टाकलं. वेंडल वैतागला. "हे काय? स्टेशनवरची अनाउन्समेंट करतेयस का? मला ऐकू येईल असं म्हण, तरच मला उत्तर देता येईल."

"वेंडल, मला नाही जमणार," ती जवळजवळ ओरडलीच. "तुम्हाला माहितीये ना, का ते?"

"माहितीये," तो म्हणाला. थोडा वेळ त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "ते लक्षात न घेता तुला विचारलं, ही माझी चूकच झाली. मला काम दिसलं, बाकी काही दिसलं नाही. नको असेल तर थांबू."

आत ॲशली स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. व्हेरोनिकाने तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.

"घ्या," ती म्हणाली.

नऊ वेळा घेतलं त्यांनी. सहाव्या-सातव्या वेळेला ते वाक्य तिच्या तोंडून सरळ निघायला लागलं. डॅड, मी आहे. मी आलेय. आणि प्रत्येक वेळी वेंडल मान किंचित वळवून तिच्याकडे पाहायचा आणि म्हणायचा, "उशीर केलास." त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. नंतर त्याने तिला समजावून सांगितलं, "हा रेल्वेतला माणूस आहे. उशीर झाला म्हणजे त्याच्या लेखी एवढंच, की गाडी आली. उशिरा का होईना, पण आली."

व्हेरोनिका घरात आली, हात धुतले आणि कणीक मळायला घेतली. रॉयस्टनने विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "हो." आणि तिच्या लक्षात आलं, की हे ती खरंच बोलतेय.

काम वेंडलला मिळालं. त्या दिवशी त्याने कुंपणावर दोन्ही हातांनी तबला वाजवावा तसं बडवलं. "चार सीन आहेत, व्हेरोनिका! चार! आणि मी चौथ्या सीनपर्यंत मरत नाही!" शूटिंग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात होतं. फियोनाबाईंनी कपड्यांची मापं फोनवर घेतली. वेंडल रोज सकाळी अंगणात चकरा मारत वाक्यं पाठ करायचा. त्याला एकच भीती होती, की ऐन वेळी विसरलो तर? अठ्ठ्याहत्तर वर्षांचं डोकं. म्हणून व्हेरोनिका शिफ्टवरून परत आली की रोज दुपारी दहा मिनिटं कुंपणावरून त्याच्याबरोबर वाक्यं म्हणायची. आता तिलाही सगळी पाठ झाली होती.

जुलैच्या शेवटी पश्चिम सिडनीवर जास्त कडक बंधनं आली. पोलीस फिरायला लागले, हेलिकॉप्टर घिरट्या घालायला लागली. कंपनीच्या इन्शुरन्सवाल्यांनी सांगितलं, त्या भागातला माणूस थेट सेटवर चालणार नाही. त्याने चौदा दिवस आधी स्टुडिओजवळच्या हॉटेलात येऊन राहायचं, आणि निघण्यापूर्वी टेस्ट करायची. वेंडल म्हणाला, "हॉटेल तर हॉटेल. मी चौदा दिवस खोक्यात राहीन."

त्याला खोकला येत होता. व्हेरोनिकाने आठवडाभर आधी एकदा ऐकला होता. "टेस्ट करून घ्या," ती म्हणाली होती.

"एर्लला खोकला आहे," तो म्हणाला होता. "मी सराव करतोय."

लसीचा एकच डोस झाला होता त्याचा. दुसरा सप्टेंबरात होता. शनिवारी सकाळी तो ड्राइव्ह-थ्रूला जाऊन गाडीत बसल्या बसल्या टेस्ट करून आला, सोमवारी हॉटेलात जायचं होतं.

रविवारी व्हेरोनिकाची सकाळची शिफ्ट होती. कोविड टेस्टचे नमुने कुठून कुठून यायचे, हजारांनी, आणि काम करताना दिसायचे ते बारकोड. पण निकाल पक्का करायच्या पडद्यावर नाव आणि जन्मतारीख येते. दहाच्या सुमारास ती एक बॅच तपासत होती. बहुतेक रेषा सपाट. पाच-सहा वर चढलेल्या, म्हणजे पॉझिटिव्ह. त्यातल्या एकीपुढे नाव होतं: हार्कर, वेंडल. १९४३.

तिने तो नमुना पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तेच आलं. तिने निकाल पक्का केला, पुढे पाठवला आणि हातमोजे काढून थोडा वेळ कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिली. सांगायची तिला परवानगी नव्हती. निकाल आरोग्य खात्याकडे जाणार आणि तिथून त्याला फोन येणार, हाच नियम. आणि नियम नसता तरी काय सांगणार होती ती? तिच्या डोक्यात आधी आला तो पप्पांचा वॉर्ड. मग आलं, की हे माझ्याकडून तर गेलं नाही ना? लॅबमधल्या सगळ्यांची दर तिसऱ्या दिवशी तपासणी व्हायची, ती कायम निगेटिव्ह होती. तरी तो किडा डोक्यातून जाईना.

साडेतीनला ती घरी आली. वेंडल कुंपणापासून लांब, त्याच्या पायरीवर बसला होता. टेस्टचा निकाल येईपर्यंत कुणाच्या जवळ जायचं नाही, हे तो काटेकोरपणे पाळत होता. दाढी गुळगुळीत केलेली, केस पाणी लावून मागे बसवलेले. शेजारी बॅग भरून तयार.

"आलीस! चल, एकदा सगळे सीन सलग म्हणून घेऊ. उद्यापासून तू नसशील मला ऐकवायला."

व्हेरोनिकाने गळ्यातला पास काढून खिशात टाकला. अजून फोन आला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. खरं म्हणजे डोकं दुखतंय, दमलेय, काहीही सांगून घरात जाता आलं असतं.

"घेऊ या," ती म्हणाली.

पहिला सीन झाला, दुसरा झाला. उन्हाळ्यातल्यासारखं नव्हे, पण बऱ्यापैकी ऊन होतं. वेंडल कुठे अडखळला नाही. तिसऱ्या सीनला त्याने हात मांडीवर ठेवले, मान भिंतीला टेकवली, आणि बघता बघता तो कुणी दुसराच माणूस झाला. व्हेरोनिकाने तिची वाक्यं म्हटली. आवाज कुठे हलला नाही. "डॅड, मी आहे. मी आलेय."

"उशीर केलास," एर्ल म्हणाला. "बस."

चौथ्या सीनच्या मधेच त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याला वाटलं फियोना असेल. घाईने उचलला.

"हो, मीच. ... हो, मॅडम." मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. "नाही, एकटाच राहतो. ... नाही, कुणाला भेटलो नाही. शेजारणीशी बोलतो, कुंपणावरून. तिच्या तोंडाला मास्क असतो." बोलता बोलता त्याने व्हेरोनिकाकडे पाहिलं आणि त्याची नजर तिथेच थांबली. "हो, मॅडम. समजलं. थँक यू."

फोन ठेवून तो म्हणाला, "तुला माहीत होतं."

तिने होकारार्थी मान हलवली.

"केव्हापासून?"

"सकाळी दहापासून."

"आणि तरी हे सगळं म्हटलंस माझ्याबरोबर."

"हो."

वेंडलने बॅगेकडे पाहिलं. "आज पहिल्यांदा तू चांगलं काम केलंस," तो म्हणाला.

मग मात्र व्हेरोनिकाला राहवलं नाही. कुंपणाची फळी धरून ती रडली, आणि तो दहा-बारा फुटांवर तसाच बसून राहिला, कारण जवळ येणं शक्य नव्हतं. तिचं रडणं थांबल्यावर त्याने फियोनाबाईंना स्वतः फोन लावला. आवाज अगदी साधा होता. "फियोना, माझं जमत नाहीये. पॉझिटिव्ह. ... नाही, नाही, तू लगेच दुसरा माणूस बघ, वेळ घालवू नकोस. नो वरीज, मेट." इथे तेहेतीस वर्षं अमेरिकन बोली जपून ठेवलेला माणूस. हे इथले, ऑस्ट्रेलियन शब्द व्हेरोनिकाने त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

बुधवारी त्याला धाप लागायला लागली. अँब्युलन्स आली. अंगभर निळं घातलेल्या दोघांनी त्याला खुर्चीतून बाहेर आणलं. गल्लीतले लोक आपापल्या दारात उभे होते. कोपऱ्यावरच्या पंजाबी गृहस्थांनी हात वर करून मोठ्याने विचारलं, "भाईसाब, सब ठीक?" वेंडलने अंगठा वर केला.

त्याला वेस्टमीडच्याच हॉस्पिटलात नेलं. व्हेरोनिकाची लॅब त्याच आवारात, चालत चार मिनिटांवर. पण त्या चार मिनिटांचा तिला काही उपयोग नव्हता. तिच्या चर्चमधली ग्लोरिया, ठाण्याची, कोविड वॉर्डात नर्स होती. वेंडलने संपर्कासाठी व्हेरोनिकाचं नाव दिलं होतं, दुसरं नाव त्याच्याकडे नव्हतंच. म्हणून रोज दुपारी ग्लोरिया पाच मिनिटं टॅबलेट धरून उभी राहायची.

पहिले तीन दिवस तो बोलायचा. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणायचा, "इथलं जेवण नेब्रास्कातल्या शाळेसारखं आहे." ग्लोरियालाही त्याचा चेहरा ओळखीचा वाटला होता. "मी ह्यांना कुठेतरी पाहिलंय ग," ती व्हेरोनिकाला म्हणाली. "आमच्या ठाण्याच्या शाळेत कुणी अमेरिकन फादर आले होते का?"

"ते सिनेमात पाद्री झालेत चार वेळा," व्हेरोनिका म्हणाली. ग्लोरियाला काहीच समजलं नाही.

चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "माझं काम कुणाला दिलं?"

व्हेरोनिकाला माहीत होतं. तिने फियोनाबाईंना फोन करून विचारलं होतं. न्यूकॅसलचा एक नट होता, सत्तर वर्षांचा, अमेरिकन बोली छान जमणारा. शूटिंग आठवड्याभरावर आलं होतं.

"त्यांनी पुढे ढकललंय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी थांबलेत."

वेंडल हसला, आणि हसण्याने त्याला एवढा खोकला आला, की ग्लोरियाला टॅबलेट खाली ठेवावा लागला. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. मग त्याचा आवाज आला, तुटक तुटक. "नाव सांग त्याचं."

तिने नाव सांगितलं.

"ओळखतो," तो म्हणाला. "एकदा आम्ही एकत्र होतो. चांगला आहे." थोडा श्वास घेतला. "त्याला मुलगी आहे. त्याला जमेल."

नंतरचे तीन दिवस तो बोलला नाही. सातव्या दिवशी, मंगळवारी, ग्लोरियाने दुपारी दोनला फोन केला. म्हणाली, "मी होते जवळ. हात धरला होता. हातमोजा होता, पण धरला होता." व्हेरोनिका लॅबच्या बाहेर, कार पार्कच्या कठड्यापाशी उभी होती. खालून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. "शांत गेले का?" तिने विचारलं. ग्लोरिया म्हणाली, "नाही ग. शांत नाही. पण एकटे नव्हते."

खोटं बोलली नाही, म्हणून व्हेरोनिकाने मनातल्या मनात तिचे आभार मानले.

अंत्यविधीला दहा माणसांना परवानगी होती. जमली पाच. व्हेरोनिका, रॉयस्टन, ॲशली, फियोनाबाई आणि मॉरीनची एक जुनी मैत्रीण, वेशभूषा करणारी. मैत्रिणीने त्याच्यासाठी घरून एक कोट आणला होता, खांद्यात थोडा मोठा. "त्याचे खांदे कॅमेऱ्यात नेहमी अरुंद दिसायचे," ती म्हणाली, "म्हणून मी पॅडिंग घालायचे." पेटी बंदच होती, तेव्हा तिने तो कोट घडी करून वर ठेवला. कुणी बोलायचं, असा प्रश्न आला. फियोनाबाई त्याला प्रत्यक्ष कधी भेटल्याच नव्हत्या. शेवटी व्हेरोनिका उठली. तिने त्याचं सगळं सांगितलं. शेरीफ, न्यायाधीश, पोट हलणारं प्रेत, आईने पाठीवरून ओळखलेला मुलगा. काही वर्षं चुकली असतील, क्रम चुकला असेल. पण जेवढं तिला ठाऊक होतं तेवढं तिने सांगितलं, आणि पाच माणसांत ते ऐकायला पुरेशी माणसं आहेत असं तिला वाटलं.

महिनाभराने घर रिकामं करायला लोक आले. खाटा, कपाटं, एक जुना टीव्ही. पुढच्या वर्षी ती मालिका आली तेव्हा ॲशलीने पाहिली. "ही वॉज ऑलराइट," एवढंच म्हणाली. व्हेरोनिकाने पाहिली नाही.

अंत्यविधीच्या दिवशी दुपारी घरी आल्यावर मात्र तिने कपडेही बदलले नाहीत. अंगणात खुर्ची टाकली आणि ममाला फोन लावला. भुईगावात तेव्हा सकाळ होती. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"आज लवकर फोन केलास?" ममा म्हणाली. "बीपीची गोळी घेतली मी."

"ममा, गोळीचं नाही विचारत," व्हेरोनिका म्हणाली. "पप्पा गेले त्या दिवशी काय काय झालं, ते मला सांग. मला काहीच दिसलं नव्हतं."

व्हेरोनिकाने फोन कानापासून दूर करून पाहिला. कॉल चालू होता.

"सकाळपासून सांगू?" ममाने विचारलं.

"हो. सकाळपासून सांग."

"सहा वाजता हॉस्पिटलमधून फोन आला," ममाने सुरुवात केली. "मी चहा ठेवला होता..."